अंगातला देव आणि एक इंग्रजी शब्द

जॉन लॉकचा मानवी आकलनावरचा ग्रंथ पहिल्यांदा उघडला, तेव्हा अनुक्रमणिकेत 'एन्थूझिअ‍ॅझम' नावाचे प्रकरण दिसले. 'उत्साह' हा कोशातला अर्थ मनात धरून वाचू लागलो आणि गोंधळलो. १७०० सालच्या चौथ्या आवृत्तीत मुद्दाम घातलेले ते प्रकरण म्हणजे आरोपपत्र होते. देव आपल्याशी थेट बोलतो असे मानून विवेकाला रजा देणाऱ्यांवर लॉकचा रोख होता.

शब्द मूळचा ग्रीक. 'एन्' म्हणजे आत, 'थेओस' म्हणजे देव. ज्याच्या आत देव आहे तो 'एन्थेओस'. प्लेटोच्या 'आयन' या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, की कवी रचतो ते कसबाने नव्हे, अशा संचाराने. लोहचुंबकाची ओढ एका कडीतून दुसरीत उतरावी, तसा तो संचार कवीतून गायकात आणि गायकातून श्रोत्यांत उतरतो. यात थोडी थट्टा असेल, शिवी नाही.

शिवी झाली ती सतराव्या शतकातल्या इंग्लंडात. यादवी युद्ध झाले, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, चर्चचा धाक सैलावला. क्वेकरांसारखे पंथ निघाले. त्यांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स चांभाराकडे उमेदवारी केलेला. त्या पंथात बायकाही उपदेश करू लागल्या. १६५५ मध्ये मेरिक कॅसोबन या विद्वानाने ग्रंथ लिहून अशा संचाराची कारणे शरीराच्या बिघाडात शोधली. १७३९ पासून जॉन वेस्ली ब्रिस्टलजवळच्या कोळसाखाणीतल्या मजुरांना उघड्या माळावर उपदेश करू लागला, तेव्हा त्याच्यावरही हाच शिक्का बसला. १७५० च्या एका प्रवचनात त्याने तो झटकला, पण शब्दाची बाजू घेतली नाही; खरे 'एन्थूझिअ‍ॅस्ट' दुसरेच आहेत, एवढेच म्हटले. १७५५ च्या जॉन्सनच्या कोशातही पहिला अर्थ ईश्वरी साक्षात्काराच्या पोकळ समजुतीचा आहे.

या गर्दीत डेव्हिड ह्यूमचा १७४१ चा निबंध वेगळा वाटतो. ह्यूम स्वतः संशयवादी. तरी त्याने ओळखले, की अंधश्रद्धा पुरोहिताचे हात बळकट करते आणि 'एन्थूझिअ‍ॅझम' पुरोहिताला जुमानत नाही. सुरुवातीचा उन्माद ओसरला, की तो नागरी स्वातंत्र्याचा मित्र ठरतो.

पुढे शब्दातला देव निघून गेला आणि नुसती ऊर्मी उरली. आपण तिला 'उत्साह' म्हणतो. पण 'उत्साहा'त 'सह्' धातू आहे, पेलण्याचे बळ आहे. नाट्यशास्त्रात तो वीररसाचा स्थायीभाव. ग्रीक शब्दाचा खरा सोयरा आपला 'आवेश'. त्यात 'विश्' धातू आहे, आत शिरणे आहे, 'प्रवेशा'त आहे तोच. बोलीत त्यालाच आपण 'अंगात येणे' म्हणतो.

आणि भांडणात विचारतो, "अंगात आलंय का तुझ्या?" मीही विचारले आहे. विवेकाच्या प्रश्नावर मी आजही लॉकच्याच बाजूचा. पण हा प्रश्न आपण सहसा कुणाला विचारतो, हे आठवून पाहिले; वरच्या माणसाला विचारल्याचे एकदाही आठवले नाही.