चीता उडवणाऱ्या दोघी

मी नागपूरच्या जरीपटक्यातून बोलते आहे. बाहेरगावच्या मैत्रिणी विचारतात, हे कसलं गं नाव तुमच्या वस्तीचं? जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या फौजेचं जरीचं निशाण. निशाण दुरूनही सगळ्यांना दिसतं, पण त्याच्याखाली कोण कोण चालत होतं ते कुणी विचारत नाही. आज मी ज्या दोघींची गोष्ट सांगणार आहे, त्यांचंही थोडं तसंच झालं.

१९९९ चा उन्हाळा आठवा. कारगिलची लढाई सुरू होती. ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या घरी संध्याकाळी बातम्या बघायला सगळी गल्ली जमायची. मे महिन्यात कळलं की शत्रू आपल्या हद्दीतल्या शिखरांवर येऊन बसला आहे. २६ जुलैला विजय जाहीर झाला. त्या लढाईत आपले ५२७ जवान गेले आणि तेराशेहून अधिक जखमी झाले. गेलेल्यांना आपण दरवर्षी फुलं वाहतो. पण ते जखमी जवान डोंगरावरून दवाखान्यापर्यंत पोचले कसे, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता.

कितीतरी जण हेलिकॉप्टरनं पोचले. त्यातलं एक होतं ‘चीता’. छोटंसं, एकाच इंजिनाचं, जेमतेम पाच माणसांचं. त्यावर तोफ नाही, बंदूक नाही. पण उंच डोंगरात जाण्यात त्याचा हात धरणारं दुसरं नव्हतं.

उंचावर उडणं अवघड का, ते आपल्या चुलीवरून समजून घेऊ. उंच पहाडात डाळ लवकर शिजत नाही, कारण तिथे हवा विरळ असते आणि पाणी कमी तापमानालाच उकळतं. हेलिकॉप्टरचं सगळं हवेवर चालतं. वरची पाती हवा खाली ढकलतात, म्हणून ते वर उचललं जातं. हवाच विरळ असली की पात्यांना जोर मिळत नाही आणि इंजिनही दमतं. मग सामान मोजून घ्यायचं, माणसं मोजून घ्यायची. द्रासचा भाग तर दहा हजार फुटांच्याही वर आहे. त्यात शत्रू शिखरावर बसलेला आणि आपण खाली दरीत. त्याला सगळं दिसतं. २८ मे रोजी आपलं एक मोठं हेलिकॉप्टर शत्रूनं पाडलं आणि त्यातले चौघेही गेले. तरी चीता उडतच राहिलं.

ते उडवणाऱ्यांमध्ये दोन मुली होत्या : फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना आणि फ्लाइट लेफ्टनंट श्रीविद्या राजन.

त्यांच्या आधीची वाटही फार जुनी नव्हती. १९९४ साली हरिता कौर देओल यांनी वायुसेनेचं विमान एकटीनं उडवलं. असं करणाऱ्या त्या पहिल्या. दोनच वर्षांनी विमान अपघातात त्या गेल्या. त्याच १९९६ साली गुंजन आणि श्रीविद्या जम्मूकडच्या उधमपूरच्या तळावर रुजू झाल्या. गुंजन यांचे वडील आणि भाऊ दोघंही सैन्यात अधिकारी, म्हणजे घरात वर्दी होतीच. पण त्या तळावर बाईमाणूस वैमानिक म्हणून येईल, अशी सोयच कुणी केलेली नव्हती. कपडे बदलायला वेगळी खोलीसुद्धा नव्हती. हे ऐकून तुम्ही हसाल. बाजारात दिवसभर भाजी विकणारीला हे काही नवीन नाही.

लढाई सुरू झाली तेव्हा गुंजन पंचविशीच्या आसपासच्या. जखमींना उचलून आणायचं, पुढच्या चौक्यांवर औषधं आणि रसद पोचवायची, शत्रू कुठे दडला आहे ते वरून बघून कळवायचं, अशी ही कामं. डोंगरात हेलिकॉप्टर उतरवायला कधी सपाट केलेला जमिनीचा तुकडाच असतो. तिथे उतरायचं, जखमीला आत घ्यायचं आणि लगेच उडायचं. रक्त वाहत असलेल्या माणसाजवळ वेळ नसतो. जखमी जवानाचा जीव वाचवणं हेच सगळ्यात मोठं समाधान, असं गुंजन यांनी पुढे मुलाखतींमध्ये सांगितलं.

आता गोष्टीचा दुसरा भाग. २०२० साली गुंजन यांच्यावर हिंदी चित्रपट आला. गावोगावी पोरींनी तो मोबाईलवर पाहिला. त्यात तळावर एकटी गुंजनच दाखवली होती. तेव्हा श्रीविद्या राजन यांनी जाहीरपणे लिहिलं की आम्ही दोघी एकत्र उधमपूरला रुजू झालो होतो, आणि कारगिलच्या वेळी पहिल्या तुकडीबरोबर श्रीनगरला मी गेले होते. गुंजन यायच्या आधी मी तिथे उड्डाणं केली होती.

ते वाचून मला माझीच एक गोष्ट टोचली. त्याच वर्षी, कोरोनात, आमच्या बचत गटातल्या अकरा जणींनी मास्क शिवले. पुढे सत्कार झाला, फोटो छापून आला. खाली एकीचंच नाव, आणि पुढे ‘व गटातील महिला’. ते नाव माझं होतं, मी अध्यक्ष म्हणून. सगळ्यात जास्त मास्क जिच्या मशीनवर शिवले गेले, तिचं नाव कुठेच नव्हतं. तिनं ते कात्रण मला स्वतःच आणून दिलं, हसत. मी ते घेतलं आणि पाकिटात ठेवलं. ‘तुझं नाव राहिलं’ एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

गुंजन यांचं काम श्रीविद्या यांच्यामुळे कमी होत नाही. एका नावानं दुसरं पुसायचं नसतं. दोघी होत्या, तर दोघी म्हणायचं.

तेव्हा बायकांना वायुसेनेत ठरावीक वर्षांचीच नोकरी मिळायची. गुंजन यांची सेवा २००४ साली संपली. कायमच्या नोकरीसाठी महिला अधिकारी कोर्टात गेल्या आणि २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. लढाऊ विमान मात्र बाईच्या हाती यायला २०१६ साल उजाडलं. त्या पहिल्या तिघी म्हणजे अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग. आणि २०१९ मध्ये आपल्या नागपूरची अंतरा मेहता लढाऊ वैमानिक झाली, महाराष्ट्रातली पहिली. तिला कुणी विचारलं नसेल की बाई हे करू शकते का. त्या प्रश्नाचं उत्तर आधीच्या कितीतरी जणींनी देऊन ठेवलं होतं. त्यातल्या निम्म्या जणींची नावं आपल्याला माहीत नाहीत.

म्हणून बायांनो, एक काम सांगते. पुढच्या बैठकीत इतिवृत्ताची वही उघडा. जिथे जिथे ‘व इतर महिला’ लिहिलं असेल, तिथे त्या इतर कोण ते आठवा आणि एकेक नाव लिहा. म्हाताऱ्या बायांना विचारा, त्यांना आठवतं. मी माझ्या वहीत त्या अकराही नावांची ओळ लिहिली आहे. मशीनवालीचं नाव सगळ्यात वर आहे. आता ते कात्रण घेऊन तिच्या घरी जायचं राहिलंय. या रविवारी जाणार आहे.