अ‍ॅपल वॉचची कडी
मनगटी घड्याळातील आरोग्यनोंदींवरून रोज नव्याने रेखाटले जाणारे ओळखचिन्ह. एप्रिल २०१५ मध्ये अ‍ॅपल वॉचसोबत ते बाजारात आले. काळ्या पार्श्वभूमीवर एकात एक तीन कडी असतात : बाहेरचे तांबडे हालचालीत खर्च झालेल्या उष्मांकांचे, मधले हिरवे व्यायामाच्या मिनिटांचे, आतले निळे दिवसातील किती तासांत निदान मिनिटभर उभे राहून हालचाल झाली याचे. मध्यरात्री ती रिकामी होतात. लक्ष्य ओलांडल्यास कडे स्वतःवरच पुढे सरकत राहते. रंग व रचना कायम, भरण मात्र ज्याचे त्याचे. म्हणून नाव न छापताही चिन्ह ओळखू येते. गतिशील ओळखचिन्हाचे हे अस्सल उदाहरण होय, कारण येथील बदल सजावटीतून नव्हे, माहितीतून घडतो. ‘कडी पूर्ण करा’ हेच जाहिरातींचेही सूत्र झाले.

व्यायाम व उभे राहणे यांबाबत सर्व शरीरांना एकच माप लावणारी ही रचना आजारपणात जाचक ठरे. २०१६ मध्ये चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी उभे राहण्याऐवजी खुर्ची ढकलण्याची नोंद आली. २०२० मध्ये व्यायामाची व उभे राहण्याची लक्ष्ये बदलता येऊ लागली. सलग दिवसांची मालिका न मोडता कडी थांबवण्याची सोय २०२४ मध्ये मिळाली. ती फार आधी हवी होती.