केबल, सागरी
समुद्रतळावरून दूरवर संदेश वाहून नेण्यासाठी टाकलेली, संरक्षक आवरणांनी वेष्टिलेली केबल. दूरच्या संदेशवहनात मुख्य अडचण वेगाची नसून संकेताचे मूळ रूप टिकविण्याची आहे, ही गोष्ट सागरी केबलींच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

तांब्याची तार, तिच्यावरील गटापर्चाचे निरोधक आवरण आणि सभोवतालचे समुद्राचे पाणी यांची रचना लांबलचक विद्युत् धारित्रासारखी होते, हे मायकेल फॅराडे यांनी १८५४ मध्ये दाखविले. त्यामुळे एका टोकाला दिलेला आखूड स्पंद दुसऱ्या टोकाला पसरट व क्षीण होऊन पोहोचतो. संकेताचा हा विलंब केबलीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी गणिताने सिद्ध केले.

अटलांटिक महासागरातील पहिली केबल ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड व न्यू फाउंडलंड यांच्या दरम्यान टाकण्यात आली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पाठविण्यास सु. १६ तास लागले. कंपनीचे विद्युत् तज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी टॉमसन यांचा नियम अमान्य करून सु. २,००० व्होल्ट दाब वापरला. मुळातच सदोष असलेले निरोधन त्यामुळे अधिकच बिघडले आणि काही आठवड्यांतच केबल निकामी झाली. याउलट, टॉमसन यांच्या आरशाच्या गॅल्व्हानोमीटरने अत्यंत क्षीण प्रवाहही वाचता येत असे. चौकशीनंतर त्यांचे विचार ग्राह्य ठरले. सु. तिप्पट वजनाचे तांबे व अधिक जाड निरोधन असलेली केबल ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने १८६६ मध्ये यशस्वी रीत्या टाकली. त्याच जहाजाने टाकलेल्या मुंबई–एडन केबलीमुळे १८७० मध्ये मुंबई सागरी मार्गाने इंग्लंडशी जोडली गेली.

दूरध्वनीचे संकेत मात्र इतक्या अंतरावर वाचण्याजोगे उरत नसत. त्यासाठी १९५६ च्या अटलांटिक दूरध्वनी केबलीत ठराविक अंतरांवर इलेक्ट्रॉन नलिकांचे विवर्धक बसविण्यात आले. विवर्धकामुळे संकेताबरोबर त्यात मिसळलेला गोंगाटही वाढतो. १९८८ मध्ये सुरू झालेल्या प्रकाशीय तंतूंच्या अटलांटिक केबलीत हा दोष टाळण्यात आला. तीत संदेश प्रकाशस्पंदांच्या अंकीय रूपात जात असून वाटेतील प्रत्येक केंद्र ‘स्पंद आहे की नाही’ एवढेच ठरवून नवा, स्वच्छ स्पंद पुढे पाठवीत असे. पुढे प्रकाशाचेच थेट विवर्धन करणारी साधने प्रचारात आली. आज खंडाखंडांमधील बहुतेक माहिती कृत्रिम उपग्रहांमार्फत नव्हे, तर अशा सागरी केबलींतूनच जाते.