रत्नागिरी जिल्ह्यातील मृतजन्माच्या नोंदीचा प्रश्न

जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ साली संमत झाला. त्यात 'मृतजन्म' या संज्ञेस चमत्कारिक स्थान आहे. 'जन्म' या शब्दाच्या व्याख्येत मृतजन्म अंतर्भूत होतो. 'मृत्यू' मात्र जिवंत जन्मानंतरच संभवतो. परिणामी उदरात वा प्रसूतिसमयी दगावलेले मूल मृत्यूंच्या गणनेत येतच नाही. २८ आठवड्यांपूर्वी दगावलेला गर्भ तर मृतजन्मातही नाही.

प्रसूतीस हजर असलेल्या सुईणीनेही वर्दी द्यावी, असे १०वे कलम सांगते. डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या व मधल्या खाड्या ध्यानी घेता कोकणात या कलमाचे महत्त्व विशेष. मातेचा रक्तक्षय किंवा वाढलेला रक्तदाब गरोदरपणीच्या तपासणीत कळू शकतो. अडलेल्या प्रसूतीत मात्र वाटेतला विलंबच मूल गमावण्यास पुरेसा होतो. पहिल्यात उणीव तपासणीची, दुसऱ्यात तातडीच्या उपचाराची. वर्दीत कारण व गर्भकाल न आल्यास हा भेदच पुसला जातो, आणि उरते ती केवळ एक संख्या.

त्या संख्येविषयीही सावधगिरी हवी. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत 'रत्नागिरी जिल्हा' या नावात आजचे दोन जिल्हे सामावलेले होते. तत्पूर्वीचे आकडे नंतरच्या आकड्यांशेजारी तसेच मांडता येत नाहीत.