ध्वनिमुद्रक किती तास चालतो? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/ जुलै १९३३. अमेरिकेतील लुइझियाना राज्याचा अँगोला तुरुंग. लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स आणि त्यांचे पुत्र ॲलन यांनी तबकडीवर ध्वनी कोरणारे ३१५ पौंडांचे, म्हणजे सुमारे १४३ किलोचे यंत्र मोटारीतून आणले होते. त्यासमोर हडी लेडबेटर नावाचा बंदिवान गायला. पुढे ‘लेड बेली’ या नावाने तो जगद्विख्यात झाला.

२/ जेथे वीज पोहोचली नव्हती, तेथे हे यंत्र जड बॅटऱ्यांवर चालवावे लागे. कोणाचा आवाज इतिहासात उरणार, हे त्या बॅटऱ्यांवरही अवलंबून होते.

३/ ही अडचण त्याहूनही जुनी. १८८०च्या दशकाच्या अखेरीस आलेला एडिसनचा विद्युत फोनोग्राफ आम्लाने भरलेल्या ओल्या सेलवर चाले. लवकरच किल्ली देऊन चालणारी स्प्रिंगची मोटर आली आणि बॅटरीची गरजच संपली. मेणावर खाच कोरण्याचे बळ गाणाऱ्याच्या आवाजातूनच मिळत असे.

४/ मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह आल्यावर वीज पुन्हा अपरिहार्य झाली. १९५१मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्टीफन कुडेल्स्की यांनी ‘नाग्रा’ हा फितीवरचा ध्वनिमुद्रक घडवला. पोलिश भाषेत ‘नाग्रा’ म्हणजे ‘तो ध्वनिमुद्रण करील’. त्यांनी कामाची वाटणी केली: फीत स्प्रिंगने फिरे, बॅटरी केवळ व्हॉल्व्हसाठी राखलेली असे.

५/ ट्रान्झिस्टरला व्हॉल्व्हच्या मानाने फारच थोडी वीज लागे. त्यामुळे दशकाच्या अखेरच्या ‘नाग्रा ३’मध्ये मोटरसह सारे यंत्र टॉर्चच्या १२ मोठ्या सेलवर चालू लागले. १९६३मध्ये फिलिप्सच्या पहिल्या कॅसेट रेकॉर्डरने ही संख्या पाचवर आणली, तीही मध्यम आकाराच्या सेलची.

६/ मात्र ही प्रगती सरळ रेषेत झाली नाही. १९८७मध्ये डिजिटल फीत, अर्थात ‘डॅट’, अवतरली. ध्वनी अधिक स्वच्छ झाला. परंतु तिच्या यंत्रातील ड्रम मिनिटाला २००० फेरे घेई. जवळच्या बॅटऱ्या मोजक्या तासांतच संपत.

७/ फ्लॅश स्मृतीने फिरणारे भागच नाहीसे केले. तरीही २००६चा ‘झूम एच४’ दोन पेन्सिल सेलवर सुमारे ४ तास चाले. २०१०चा ‘झूम एच१’ एकाच सेलवर सुमारे १० तास. हे आकडे उत्पादकाचे. एच४ बाह्य मायक्रोफोनला ४८ व्होल्ट पुरवू शके; ती सोय वापरली की तास आणखी घटत. एच१मध्ये ती सोयच नव्हती.

८/ म्हणून दोन यंत्रांची तुलना करताना केवळ तास पाहणे पुरेसे नाही. त्या विजेतून कोणते काम करून घेतले जाते, हेही पाहावे लागते. १९३३मध्ये एका बंदिवानाचे गाणे टिपण्यासाठी मोटारभर सामग्री लागली होती. आज तेवढेच काम खिशातला एक सेल करतो.