अमिगा आणि अटारी एसटी : संगणक-वापरकर्त्यांतील वादाचे स्वरूप
1985 साली अमेरिकेत अटारी 520 एसटी आणि कमोडोर अमिगा 1000 हे दोन वैयक्तिक संगणक बाजारात आले. दोहोंत मोटोरोला 68000 हाच प्रोसेसर होता. तरीही एकासाठी घेतलेले सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नसे. वापरकर्त्यांतील वादाचे मूळ येथेच शोधावे लागते. नवे खेळ व आज्ञावल्या कोणत्या यंत्रासाठी तयार होणार हे त्याच्या खपावर ठरे; साहजिकच शेजाऱ्याची निवड ही स्वतःच्या खर्चाशी निगडित बाब होती. अमिगाचे समर्थक 4096 रंगांचा दाखला देत. एसटीचे समर्थक कमी किंमत आणि संगीतकारांना उपयुक्त अशी अंगभूत मिडी जोडणी पुढे करीत.

निष्ठेच्या या सीमारेषा कंपन्यांच्या इतिहासाशी मात्र जुळत नाहीत. एसटीमागील सूत्रधार जॅक ट्रॅमिएल हे कमोडोरचेच संस्थापक. 1984 मध्ये तेथून बाहेर पडून त्यांनी अटारीचा गृहसंगणक विभाग ताब्यात घेतला. आणि अमिगाच्या निर्मात्यांना त्यापूर्वी पैसा पुरविला होता तो जुन्या अटारीने! ब्रिटनमध्ये 1988 पासून दोन्ही पक्षांसाठी एकच मासिक निघत होते. 1989 मध्ये त्याचीही ‘एसटी फॉरमॅट’ व ‘अमिगा फॉरमॅट’ अशी विभागणी झाली. कमोडोर 1994 मध्ये दिवाळखोरीत निघाली. एसटीचे उत्पादन त्याआधीच थांबले होते.