सोर्स कोडपासून मराठी माहितीसंग्रहापर्यंत

शेतकऱ्याने पिकाविषयी मराठीत प्रश्न विचारावा आणि तज्ज्ञाने मराठीतच उत्तर द्यावे, यासाठी मुंबईच्या आयआयटीने २००३मध्ये ‘ए-ॲक्वा’ ही संगणकीय प्रश्नोत्तर प्रणाली सुरू केली. उत्तरांची जबाबदारी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उचलली होती. अशी माहिती वर्षानुवर्षे जपायची आणि शोधता यायची, तर सुसज्ज आशय-व्यवस्थापन प्रणाली लागते.

ऊस, डाळिंब, द्राक्षे यांविषयीच्या पुस्तिका व अहवालांचा संग्रह बारामती वा इंदापूर तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयास स्वतःच्या सर्व्हरवर उभारायचा असल्यास ‘डीस्पेस’ हा विनामूल्य पर्याय आहे. अमेरिकेतील एमआयटी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२मध्ये तो खुला केला. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध साठविणारा ‘शोधगंगा’ हा संग्रह त्यावरच उभा आहे.

डीस्पेसचा सोर्स कोड जावा भाषेत आहे. तो उतरवून घेतला म्हणजे काम झाले, असे नाही. प्रथम ‘लोकल.सीएफजी’ या फाइलमध्ये डेटाबेस, फोल्डर आणि संकेतस्थळाचा पत्ता नोंदवावा लागतो. त्यानंतर ‘मेव्हन’ हे साधन आवश्यक लायब्ररी इंटरनेटवरून आणून कोडची बांधणी करते. जोडणी मध्येच तुटली, की बांधणी फसते! तयार झालेल्या फाइल ‘अँट’ योग्य जागी ठेवते आणि ‘टॉमकॅट’सारख्या सर्व्हरवर प्रणाली चालू होते. २०२१च्या सातव्या आवृत्तीपासून पडद्यावर दिसणारा भाग स्वतंत्रपणे बांधावा लागतो.

खरी कसोटी मराठीची. पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेस प्रारंभीच यूटीएफ-८ संकेतन ठरवून तयार करणे आवश्यक असते. टॉमकॅटच्या आठव्या आवृत्तीपूर्वी सर्व्हरलाही यूटीएफ-८ वेगळे सांगावे लागे. ते राहून गेले, तर ‘डाळिंब’ हा शब्द शोधूनही हाती काही लागत नसे. शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधील मजकूर वरकरणी मराठी दिसतो; संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरेच असतात. तो युनिकोडमध्ये आणल्यावाचून संग्रहात टाकणे व्यर्थ होय.

याहून चकविणारी अडचण ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातच दडली आहे. त्यातील ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र ते भिन्न शब्द वाटतात. डीस्पेसचा शोध ‘सोलर’ हे सॉफ्टवेअर हाताळते. दोन्ही रूपे एकच मानावीत, असा नियम त्यात घालावा लागतो. हे काम सहसा राहून जाते, कारण पडद्यावर चूक दिसतच नाही.

संग्रह सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी डेटाबेस, मूळ फाइलींचे फोल्डर आणि ‘लोकल.सीएफजी’ या तिन्हींची प्रत दुसऱ्या संगणकावर घेऊन, तेथे संपूर्ण प्रणाली पुन्हा उभी राहते की नाही, हे एकदा प्रत्यक्ष पाहणे इष्ट.